खोल बाजूचा माल

कॉलऱ्याची साथ सुरू झाली तेव्हा औषधांचं गोदाम कुठे करायचं यावर मीटिंगमध्ये बराच वाद झाला. शाळेला पत्रे होते, उन्हात तापायचे. नगरपालिकेचं सभागृह दवाखान्यापासून लांब पडत होतं. काकांनी पोहण्याचा तलाव सुचवला तेव्हा सगळे हसले.

"काका, सलाईन शिरेतून द्यायचंय, पाण्यात ठेवायचं नाहीये," कुणीतरी म्हणालं.

काकाही हसले, पण जागचे हलले नाहीत. तलाव बंदिस्त होता. वर पक्कं छत होतं, दाराला कुलूप होतं. साथ आल्या आल्या त्याचं पाणी सोडून दिलेलं होतं, त्यामुळे आत निळ्या फरशीचा मोठा खड्डा तेवढा राहिला होता. जमिनीखाली असल्यामुळे तो भर दुपारीही गार असायचा. आणि शेजारच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्येच दवाखान्याच्या खाटा टाकलेल्या होत्या. इतका विचार कुणी केला नव्हता. ठराव झाला.

काकांनी रंगाच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअर सांभाळलं होतं. निवृत्त होऊन घरी बसले आणि वर्षभरातच बायको गेली. त्यानंतर घरात बसवेना. साथीसाठी माणसं हवीत असं कळलं तेव्हा ते आपल्या पायांनी चालत आले. माल कसा लावायचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. जलसंजीवनीची पाकिटं, हातमोजे, ब्लिचिंग पावडर असला हलका माल उथळ बाजूला. सलाईनची खोकी खोल बाजूला, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

हाताखाली एकच हमाल होता. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. खोल बाजूला तलाव दीड पुरुष खोल होता. पैलवान खाली उभा राहून खोकं डोक्यावर उचलायचा आणि काका काठावर गुडघे टेकून, दोन्ही हात खाली सोडून ते घ्यायचे. मध्ये खोकं आलं की वरच्याला खालचा दिसत नाही आणि खालच्याला वरचा दिसत नाही. पहिल्याच दिवशी काकांनी नीट धरायच्या आत पैलवानाने सोडलं आणि ते त्याच्याच पायावर पडलं.

"माझा अंगठा गेला!"

"अंगठा राहू दे, बाटल्या फुटल्या का बघ," काका म्हणाले, आणि मग स्वतःच खाली उतरून त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली.

त्या दिवसापासून नियम झाला. वरच्याने खोकं नीट धरलं की मोठ्याने 'आलं' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय खालच्याने सोडायचं नाही. मग दिवसभर त्या रिकाम्या तलावात "दे रे", "आलं", "दे रे", "आलं" असं घुमत राहायचं. डॉक्टरीणबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "इथे काय भजनी मंडळ काढलंय का?"

सगळं ठीक चाललं होतं. मग नदीवरचा पूल खचला आणि सलाईनचा ट्रक पलीकडे अडकला. त्याच दिवशी काकांची लेक आजारी पडली.

ती रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची. त्या दिवशी डबा आला नाही, शेजारणीचा फोन आला. हॉलमध्ये आणलं तेव्हा लेकीचे डोळे खोल गेले होते. तोंडाने दिलेला घोटही पोटात ठरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं.

"घाबरू नका. सलाईन चढलं की दोन दिवसांत उठून बसेल," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, "माल किती आहे?"

"आहे तो सगळा इथेच आणलाय. खाली काही नाही."

"ट्रक?"

"पैलवानाला सायकलवरून पुलाकडे पिटाळलंय."

बाईंनी हॉलभर नजर फिरवली. खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेला मधोमध भोक, खाली बादली. बहुतेक बाटल्या अर्ध्याच्या खाली आल्या होत्या. लेकीच्या हाताला लावलेली बाटलीही.

"ही संपली की?" काकांनी विचारलं.

सिस्टरनी नळीवरची चकती उगाचच जरा फिरवली.

काका तलावावर परत आले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, पण हॉलमध्ये उभं राहवत नव्हतं. उन्हाची वेळ होती. वरच्या काचांतून ऊन उतरून समोरच्या भिंतीवर पडलं होतं. खोल बाजूला नुसत्या फळ्या. पैलवानाने जायच्या आधी खालची फरशी पाणी मारून झाडूनही काढली होती, केराची पाटी उथळ बाजूला तशीच पडली होती. काकांनी रिकामी ट्रॉली काठाशी लावली. का लावली, त्यांनाही सांगता आलं नसतं. मग रोजच्या जागी गुडघे टेकले, डोळे मिटले आणि हात खाली सोडले.

"दे रे," ते म्हणाले.

सवयीने निघून गेलं. तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. जोडीदार गेल्यावर दोन कप चहा ठेवतात माणसं, त्यातलाच प्रकार.

तेवढ्यात हातांत वजन आलं.

रोजचंच वजन. रोजच्याच जागी, बोटं खोक्याच्या तळाशी जातील असं. काकांनी डोळे उघडले. समोर पुठ्ठा होता.

"पैलवान? कधी आलास? कुठे सापडलं रे?"

त्यांनी खोकं ओढलं. ते हललं नाही. खालून कुणीतरी घट्ट धरलं होतं.

"आलं," काका म्हणाले.

खोकं सुटलं.

त्यांनी ते काठावर ठेवलं आणि खाली वाकून पाहिलं. फळ्या. फरशी. केरसुणीचे ओले फराटेही अजून नीट वाळले नव्हते आणि त्यांच्यावर पावलाचा ठसा नव्हता. त्यांनी शिडीवरून उतरून चारही कोपरे पाहिले. पाणी सोडायच्या तोंडावरची जाळीही हलवून पाहिली. ती पक्की होती. मग वर येऊन त्यांनी खोक्याची पट्टी कापली. कंपनी नेहमीची. तारखा बरोबर. झाकणं सीलबंद. एक बाटली उजेडात धरली, उलटी केली. आत गाळ नाही, धागा नाही. स्टोअरकीपरला जे जे बघता येतं ते ते सगळं त्यांनी बघितलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

फक्त बाटली कोमट होती. बराच वेळ कुणीतरी छातीशी धरून ठेवावी तशी.

काकांनी खोकं उचललं आणि धावत हॉलमध्ये नेलं.

"सापडलं?" डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला. "अजून आहेत?"

"बघतो," काका म्हणाले.

परत येऊन ते काठावर बसले. मनात आलं, निघून जावं. कुलूप लावावं आणि पुलाकडे चालू लागावं. पण हॉलमधल्या बाटल्या डोळ्यांपुढे होत्या. त्यांनी हात खाली सोडले. या वेळी डोळे उघडेच ठेवले.

"दे."

थोडा वेळ काही झालं नाही. मग फार लांबून एक आवाज आला.

"आलं."

पुरुषाचा आवाज, म्हातारा. मग जरा अलीकडून दुसरा. "आलं." मग बाईचा. मग एका पुरुषाचा, घोगरा. एकामागून एक, अगदी निवांत, काम अंगवळणी पडलेल्या माणसांसारखे. काकांना तलावाची लांबी ठाऊक होती, त्यांनीच ती पावलांनी मोजली होती. हे आवाज तलावात मावणारे नव्हते. ते समोरच्या भिंतीपलीकडून, रस्त्याच्याही पलीकडून कुठून तरी निघून एकेका माणसाने जवळ येत होते. खाली ऊन पडलेलं होतं आणि कुणीही नव्हतं.

शेवटचं 'आलं' त्यांच्या पायांखालच्या भिंतीशी झालं. बाईचा आवाज होता. हळू, काम करताना पुटपुटावं तसा.

मग डोळ्यांसमोर पुठ्ठा आला आणि खालचं काही दिसेनासं झालं.

काकांनी एकामागून एक खोकी घेतली. ट्रॉली भरली, नेली, रिकामी केली, परत आणली. हॉलमध्ये कुणी काही विचारलं नाही. विचारायला कुणाला वेळच नव्हता. सिस्टर एकदा बाटली लावता लावता म्हणाल्या, "काका, ऊब कशी दिलीत हो? बरं केलंत. गार सलाईनने पेशंट नुसते कुडकुडतात."

लेकीला नवी बाटली लागली. पहिली संपायच्या आत लागली. काका तिच्या उशाशी क्षणभर उभे राहिले. तिने डोळे उघडले.

"बाबा, डबा राहिला."

"असू दे. भूक नाही मला."

"खोटं," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

अजून एक फेरी पुरे होती. तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत निभावलं असतं. काका परत काठावर आले आणि घेऊ लागले. ट्रॉलीत एकाच खोक्याची जागा उरली.

"दे."

लांबून आवाज निघाले. जवळ आले. भिंतीशी थांबले.

खोकं हातांत आलं. काकांनी ते नीट धरलं.

आणि 'आलं' म्हटलं नाही.

म्हटलं की सुटणार, हे त्यांना माहीत होतं. न म्हटलं तर पलीकडचे हात धरून राहणार, हेही माहीत होतं. मधे एक हातभर पुठ्ठा. भिंतीशी आलेला बाईचा तो आवाज ओळखीचा होता की नाही, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. तिथे विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

"बरी आहेस?" त्यांनी विचारलं.

खोकं जरासं खाली गेलं. त्यांचे हातही गेले.

बोटं गार झाली. मग मनगटं.

हवेचा गारवा नव्हता तो. हातांभोवती दाटपणा होता, हलवले तर अडखळावेत असा. समोर कोरडी निळी फरशी लख्ख दिसत होती.

कोपर गार झाले. गुडघे काठावरून घसरले.

काका ओढून घेत नव्हते. खालूनही कुणी ओढत नव्हतं. दोघंही नुसती धरून होती आणि खोकं आपल्या वजनाने खाली चाललं होतं.

त्यांच्या मनात आलं, असंच राहावं.

हॉलमधून बादली सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी हाक मारली. "काका! अहो काका, तुमची मुलगी पाणी मागतेय! घोट पोटात राहिला!"

काकांनी डोळे मिटले.

"आलं," ते म्हणाले.

खोकं सुटलं. इतक्या अलगद सुटलं की ते मागे फरशीवर बसले, खोकं मांडीवर.

ऊन उतरायच्या आत ट्रक आला. पलीकडच्या काठाला होडीत माल चढवून इकडे दुसऱ्या ट्रकमध्ये भरला होता आणि टपावर पैलवान बसला होता, वरात घेऊन आल्यासारखा. हॉलमधले सगळे दाराशी आले. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसल्या की रडल्या ते कळलं नाही. त्या रात्री हॉलमधलं कुणीही दगावलं नाही.

"दुपारचा माल कुठून काढलात?" पैलवानाने नंतर विचारलं. "मी तर सगळं झाडून गेलो होतो."

"फळ्यांच्या मागे होता."

पैलवानाने फळ्यांकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर खोल बाजूला एकटा उतरायला मात्र तो कधी तयार झाला नाही.

साथ ओसरली. खाटा गेल्या, बादल्या गेल्या, हॉलमध्ये पुन्हा पोरं चेंडू आपटू लागली. लेक घरी आली ती आधी भाताच्या पेजेवर, मग पोळीवर आणि मग काकांना रागावण्यावर आली. घर किती घाण ठेवलंय, हे काय, ते काय. काका ऐकत बसायचे. इतकं बरं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं. झोप लागायची. जेवण जायचं. बायकोच्या फोटोकडेही आता बघता यायचं.

एका सकाळी पेपर वाचता वाचता लेकीने त्यांचा हात धरला.

"बाबा, हे काय?"

त्यांची बोटं पांढरी पडून टोकांना सुरकुतली होती. तासन्‌तास पोहून बाहेर आल्यावर होतात तशी. मनगटापर्यंत. कोपरापर्यंत.

"भांडी घासली," काका म्हणाले.

"भांडी मी घासली."

काका पेपराची घडी घालू लागले.

"कधीपासून आहे हे? दुखतं का?"

"छे. दुखत नाही काही. तू उगाच काळजी करू नकोस."

तिने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि लहान मुलाचे पुसावेत तसे त्यांचे दोन्ही हात पुसले. एकेक बोट, मग मनगटं, मग कोपर. बराच वेळ पुसत राहिली. मग उठून गॅलरीत गेली, टॉवेल दोन्ही हातांनी पिळला आणि दोरीवर वाळत घातला.