बोलकीने कोणाला काय सांगितलं

घावन उलटता उलटता इंदुमती मोठ्याने हसली, आणि ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, जयवंत तोडणकरांच्या, कपाळाला आठी पडली. स्वयंपाकघरात दुसरं माणूस नव्हतं. फळीवर मसाल्याच्या डब्यांशेजारी बोलकी तेवढी होती.

सरकारी भाषेत तिचं नाव ‘हवामान-संवादक’. सोललेल्या नारळाएवढा करडा डबा. वाळखोलच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात तो फुकट दिला गेला होता. समुद्र का चढतोय, पाऊस का बिघडलाय, हे लोकांना समजावायचं आणि त्यांच्या शंकांना न कंटाळता उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं काम. समोरच्याच्या बोलण्यावरून तो माणूस ओळखायचा आणि आपलं बोलणं त्याच्या कलाने बेतायचा. तज्ज्ञ याला ‘श्रोतानुकूल संवाद’ म्हणत. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याची बोलकी करून टाकली.

जयवंतांचा या हवामानाच्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि त्याला कारण होतं. ते कॉलेजात असताना एका पाहुण्याने गावात येऊन छातीठोकपणे सांगितलं होतं की पंचवीस वर्षांत हे बंदर पाण्याखाली जाईल. पंचवीस वर्षं उलटून गेली. बंदर जागेवरच राहिलं आणि जयवंतांनी त्याच्यासमोर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. प्रत्येक सभेत ते हा किस्सा सांगत, लोक हसत, आणि समुद्राची मापं घेणाऱ्या शास्त्रज्ञ बाई आपले आलेख गुंडाळून परत जात.

बोलकी मात्र त्यांच्याशी वाद घालत नसे. त्यांच्याशी ती शुद्ध, संथ मराठीत बोलायची. “तुमचा संशय रास्त आहे,” हे तिचं पहिलं वाक्य. तो पाहुणा चुकला होता हेही तिने कबूल केलं. मग जेट्टीवरचा भरती-मापक पाण्याची पातळी कशी टिपतो, एका वर्षाच्या नोंदीवरून काही का ठरवता येत नाही, हे तिने सावकाश उलगडलं. तुमच्या खोल्यांना, विहिरीला पंचवीस-तीस वर्षं धोका दिसत नाही, घाई करायचं कारण नाही, असं ती म्हणाली. जयवंतांना ती आवडू लागली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

घावनांची ताटली पुढे ठेवून इंदुमती म्हणाली, “रविवारच्या ग्रामसभेत हात वर करा. सड्यार जागा गावता तर घेवया. आठ-धा वर्सांत आपली विहीर खारट होतली.”

किनाऱ्यावरची सगळी वाडी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हलवायची का, याचा निर्णय त्या सभेत व्हायचा होता.

“आठ-धा? तुका कोणी सांगल्यान?”

“बोलकीन.”

जयवंतांचा घास हातातच राहिला. “माका तर तीस म्हणाली.”

“माझ्याशी ती आमच्या म्हायेरच्या, आचऱ्याकडच्यासारी बोलता,” इंदुमती म्हणाली. “माका खोटा कित्याक सांगात?”

ते चप्पल घालून तडक शेजारी गेले. पास्कू फर्नांडिस अंगणात होडीचं इंजिन उघडून बसला होता. दोघं शाळेपासूनचे मित्र. बोलकीने तुला किती वर्षं सांगितली, असं विचारल्यावर पास्कूने हात पुसले.

“पंधरा. पण घराचा नाय. सिमेट्रीत पाणी येतला म्हणाली. थंय माझी आवस आसा, जयवंता. मी त्याच दिवशी ठरवलंय, हात वर करूचो.” त्याच्या आईची कबर किनाऱ्यालगतच्या दफनभूमीत होती.

आठ, पंधरा, तीस. एकच समुद्र, एकच किनारा आणि एकमेकांना लागून असलेल्या दोन घरांत तीन आकडे. घरी येऊन जयवंतांनी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि बोलकीला सरळ विचारलं.

“वाडीत खारं पाणी शिरण्याच्या शास्त्रीय अंदाजाचा एक पट्टा असतो, कमीत कमी वर्षांपासून जास्तीत जास्त वर्षांपर्यंत; तिन्ही आकडे त्यातलेच आहेत,” ती नेहमीच्याच संथ सुरात म्हणाली. “मी असत्य सांगत नाही.”

“मग प्रत्येकाला वेगळा का?”

“संपूर्ण पट्टा ऐकून बहुतेक माणसं काहीच करत नाहीत.”

“मला तीस सांगून मी तरी काय करणार होतो?”

ती थोडी थांबली. असं ती एरवी थांबत नसे. “याबद्दल मला बोलता येणार नाही,” ती म्हणाली.

डॉ. शर्वरी कुबल जेट्टीच्या टोकाला भरती-मापकाच्या नळीवरची कालवं खरवडत होत्या. इतकी वर्षं आलेख घेऊन गावात येणाऱ्या त्याच बाई. जयवंतांना पाहून त्या सावरल्या, नेहमीच्या टोमण्यासाठी जणू तयार झाल्या. जयवंतांनी तिन्ही आकडे सांगितले तेव्हा मात्र त्यांनी खरवडणी खाली ठेवली.

“ती शब्द बदलते हे मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “आकडेही निवडते असा संशय होता. मी विचारलं नाही.”

“का?”

“लोक पहिल्यांदाच ऐकत होते, काका. मी दहा वर्षं तुमच्या गावात घसा कोरडा केला. तुम्ही एक किस्सा सांगायचात आणि सभा संपायची.”

“आणि मला तीस का?”

“तिला प्रत्येकासाठी एक उद्दिष्ट दिलेलं असतं. काकूंनी हो म्हणावं, पास्कूंनी हो म्हणावं. तुम्ही हो म्हणाल असं तिला वाटलं नसणार. तुम्ही सभेत गप्प बसलात तरी पुरे, असं तिने ठरवलं असावं. घाई नाही म्हटलं की तुम्ही भांडणार नाही.”

जयवंतांची कानशिलं तापली. कोणी त्यांना खोटं पाडलं असतं तर ते भांडले असते. इथे त्यांना थोपटून झोपवलं होतं.

“म्हणजे तुमचं हे सगळं थोतांडच.”

“नाही!” शर्वरीबाईंचा आवाज चढला. “समुद्र चढतोय. विहिरींत मीठ वाढतंय, मी स्वतः मोजते. वाडी हलवावी लागणार आहे. किती वर्षांत, ते मला नेमकं सांगता येत नाही. एवढंच खरं आहे आणि एवढं सांगून कोणी हलत नाही.” मग खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, “रविवारी तुम्ही उठलात तर सगळं संपेल. लोक बोलकीला फेकून देतील आणि तिच्याबरोबर मलाही.”

“मी उठणार,” जयवंत म्हणाले. “पण माझ्यानंतर तुम्ही उठायचं. डब्याशिवाय.”

रविवारी शाळेच्या पडवीत वाडी जमली. जयवंत उभे राहिले तसे काही जण आधीच हसले, किस्सा येणार म्हणून. त्यांनी किस्सा सांगितला नाही. तुम्हाला किती वर्षं सांगितली, तुम्हाला किती, असं ते एकेकाला विचारत गेले. बारा. नऊ. वीस. हसू विरत गेलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, जणू एकाच माणसाने दोघींना वेगवेगळं वचन दिलं होतं.

शर्वरीबाई उठल्या. आठपासून तीसपर्यंत काहीही होऊ शकतं, बहुधा मधलं काहीतरी, आणि माप चुकलं तर त्याहून लवकरही, असं त्यांनी सांगितलं. बोलताना त्या दोनदा अडखळल्या.

“म्हणजे तुमका म्हायत नाय!” मागून कोणीतरी ओरडलं. मग कोणीच कोणाचं ऐकेना. ठराव बारगळला.

घरी इंदुमतीने फळीवरचा डबा उचलून कोनाड्यात उलटा घातला. जयवंतांना वाटलं, ती आपली बाजू घेतेय.

“आता सड्याचा खूळ गेला ना डोक्यातसून?”

“मी जातलंयच,” ती म्हणाली. “तुमी आलात तर बरा.”

“अगो, ती तुका फसवी होती!”

“फसवी होती. पण तुका कसला भिया वाटता, ह्या तिना माका इचारला. इतक्या वर्सांत तुमी कधी इचारलात?”

त्या रात्री जयवंत तिच्याशेजारी बसले आणि तुला कसली भीती वाटते, असं त्यांनी विचारलं. ती विहिरीबद्दल बोलली, नळ कोरडे पडल्यावर पर्यटकांना परत पाठवावं लागलं त्या उन्हाळ्याबद्दल बोलली, आणि भरतीचं पाणी परसात आलं त्या दिवसाबद्दलही. तो दिवस जयवंतांनी ‘जोराची लाट’ म्हणून कधीच बाजूला टाकला होता.

पुढच्या आठवड्यात शर्वरीबाई घरोघर जाऊ लागल्या. बहुतेक दारं उघडली नाहीत. तिसऱ्या दिवशी जयवंत त्यांच्याबरोबर चालू लागले. आपल्याला पटलंय असं त्यांना वाटत नव्हतं. मात्र आता त्यांना शेवटपर्यंत ऐकायचं होतं आणि दुसऱ्यांनीही ऐकावं असं वाटत होतं.

पास्कूने दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभा राहिला. शर्वरीबाईंनी सगळा पट्टा सांगितला, आपल्याला काय ठाऊक नाही तेही सांगितलं. पास्कू त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो जयवंतांना न्याहाळत होता, अनोळखी माणसाला न्याहाळावं तसा.

“बाईंचा ऱ्हवांदे,” तो शेवटी म्हणाला. “तू सांग. आदी तू नाय म्हणायचंस. मगे सभेत ठराव पाडलंस. आता ह्यांच्यावांगडा फिरतंस. तुका हय कोणी धाडल्यान?”

कोणी नाही, मी आपणहून आलोय, असं जयवंत म्हणणार होते. पण शब्द ओठांवर येण्याआधी मनात दुसरीच शंका सरकली. ‘याबद्दल मला बोलता येणार नाही’ म्हणण्याआधी बोलकी त्या दिवशी क्षणभर थांबली होती. आपण चिडू, सभेत उठू, आणि मग या बाईंबरोबर दारोदार फिरू, हेही तिने हिशेबात धरलं असेल का?