टाक काढला ती दुपार

खोटी वाटली तर वाटू द्या. मी ऐकली तशी सांगतो.

माझ्या वडिलांनी ही हकीकत खुद्द कमलआजीच्या, म्हणजे त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकली. त्या बाईला उगाच तिखटमीठ लावायची सवय नव्हती.

साल १९०९. जागा मांडूची, दरीच्या काठावरची. आणि रात्र नव्हती हं. पौषातली लख्ख दुपार होती.

कमलआजीचे यजमान चिंतामणराव धारचे फोटोग्राफर. उदाजीराव नावाच्या एका सरदारांना मांडूचे फोटो हवे होते, त्यात काठावरची पडकी छत्री, म्हणजे कुणाच्या तरी समाधीवरचा दगडी घुमट, तर हवीच. तेवढं एक काम चिंतामणराव टाळत आले होते.

कारण त्याच काठावर त्यांची पहिली बायको गेली होती.

दुर्गा तिचं नाव. नवऱ्यानं अख्ख्या धारचे फोटो काढले, तिचा एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिनं विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं, "उद्या काढू." मांडूला फोटो काढायला गेले त्या दिवशी ती हौसेनं बरोबर आली आणि छत्रीपाशी जाऊन उभी राहिली. चिंतामणराव काळ्या कापडाखालून ओरडले, "अगं, मधे येतेयस. जरा बाजूला सर."

ती सरली.

यांनी कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा काठावर कोणीच नव्हतं...

खाली दरीत डोक्यावर पडली होती. लगेच गेली.

पुढं कमल घरात आली. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक पडला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. रोज आधी त्याला कुंकू लावायचं, मग स्वतःला. गेलेलीचा मान राहिला की ती आड येत नाही, अशी समजूत. सासूबाईंनी बजावलं होतं, "अंघोळीलासुद्धा काढायचा नाही."

तर त्या दुपारी छत्रीची उंची कळावी म्हणून शेजारी माणूस उभं करायचं होतं. गाडीवान उमाशंकर काही तयार होईना.

"भिया, वणी जगा पे मत जावो. वा जगा ठीक नी हे."

शेवटी कमलच म्हणाली, "मी राहते उभी."

ती उभी राहिली. तिच्या गळ्यातल्या टाकावर ऊन चमकलं.

"तेवढा टाक काढ बघू," चिंतामणराव म्हणाले. "फोटोत नुसता पांढरा डाग येईल."

"नको हो. सासूबाईंनी सांगितलंय."

"एका फोटोपुरता. लगेच घाल."

तिनं काढून दिला. त्यांनी तो कोटाच्या खिशात टाकला आणि कापडाखाली शिरले.

त्या जुन्या कॅमेऱ्यांत मागच्या काचेवर सगळं उलटं दिसे. आभाळ खाली, जमीन वर. फोटोग्राफरच्या डोळ्यांना ते अंगवळणी पडलेलं असे.

छत्री उलटी दिसत होती. कमल उलटी दिसत होती.

आणि तिच्या शेजारी...

एक बाई सरळ उभी होती.

त्यांनी झटकन डोकं बाहेर काढलं. काठावर एकटी कमल.

इतका वेळ बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो थांबला होता...

पुन्हा कापडाखाली पाहिलं. बाई होतीच. आता कमलला अगदी लगटून.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. काचेवर जे सरळ दिसतं, ते बाहेर उलटं असतं.

डोकं खाली. पाय वर.

इतक्यात काचेवरची कमल हलली. एक पाऊल बाजूला सरली... आणखी एक...

कापड फेकून ते धावत सुटले. तिचा दंड हातात आला तेव्हा तिची टाच काठाच्या बाहेर होती. पायाखालचे खडे दरीत गेले. ते खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

"कुठं चालली होतीस?"

"त्या म्हणाल्या ना, सर म्हणून."

"कोण त्या?"

"दिसलं कोणी नाही." कमल म्हणाली. "कानाशी म्हणाल्या, धाकटे, जरा बाजूला सर. मलाही येऊ दे."

धाकटे... घरात कमल एकुलती एक सून. तिला असं कोणी म्हणत नसे.

चिंतामणरावांनी आधी टाक तिच्या गळ्यात घातला आणि तिला गाडीत नेऊन बसवलं. दुसरा कोणी असता तर तसाच पळाला असता. ते परत फिरले. कॅमेऱ्यात फोटोची कोरी काच चढवली आणि रिकाम्या काठाकडं बघून म्हणाले, "उभी राहा, दुर्गा. आता तुला कोणी सर म्हणणार नाही."

रडत रडत त्यांनी तो फोटो घेतला.

मागं घुंगरं पुन्हा वाजू लागली.

ती काच त्यांनी कधीच मसाल्यात धुतली नाही, म्हणजे फोटो कधी उमटूच दिला नाही. दुर्गा त्यात दिसली असती तर सोसलं नसतं, आणि नसती दिसली तरी सोसलं नसतं. कमलआजी म्हणायची, "धुवा हो एकदा. थोरल्या बाईंना बघायचं असेल."

ते म्हणायचे, "उद्या."

असं म्हणतच ते गेले.

आज ती काच देवासला आमच्याकडं आहे. उजेड लागू नये म्हणून लाकडी पेटीत बंद, वर काळं कापड. धुऊन देणारा माणूस इंदूरला आहे म्हणतात. माझं जाणं होत नाही.

परवा मुलाच्या लग्नासाठी ठरवलेला फोटोग्राफर घरी आला. सहज म्हणून आम्हा दोघांना गॅलरीत उभं केलं. मोबाईलमधून बघता बघता बायकोला म्हणाला, "आंटीजी, इतना दूर क्यों जा रही हो?"

ती कठड्याला जाऊन टेकली होती.

"अहो, आत्ता कोणीतरी सर म्हणालं ना," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना?"

मी काही बोललो नव्हतो.

काच घेऊन इंदूरला जायचंय. आज फार उशीर झालाय.

उद्या नक्की जातो.