मागे मात्र ती कधी अडली नाही

माझ्या सख्ख्या बहिणीचं कुंकू ज्यात गेलं, ती गोष्ट मी करमणुकीसाठी रचून सांगणार नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, तेवढंच सांगतो.

साल २००७. पेडणे तालुका, मांद्र्याच्या वाटेवरचं एक गाव. रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. चतुर्थी होऊन गेलेली, रविवारची टळटळीत दुपार होती.

माझी मोठी बहीण सुमंगलाताई शाळेत शिकवायची. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे क्लच दाबवत नव्हता. म्हणून कृष्णनाथभावोजींनी वास्कोहून एक जुनी, छोटी ऑटोमॅटिक गाडी आणली. पांढरी. आतून अगदी स्वच्छ. विकणारा म्हातारा एकटाच राहायचा. त्याने घासाघीस केली नाही. भावोजींच्या हातात किल्ली ठेवली आणि आत निघून गेला.

दुसऱ्याच सकाळी गाडीखाली लाल डाग दिसला.

ताई घाबरली. पण बाबुराव मेकॅनिक हसला. बाबुराव मूळचा सावंतवाडीकडचा, पेडण्यात त्याचं गॅरेज.

"बाई, ऑटोमॅटिक गियराचा तेल लालच असता. सील गेला असतला."

त्याने सील बदललं. तेल भरलं.

पुन्हा लाल डाग.

चढावर गाडी अडायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन किंचाळायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही. जळक्या तेलाचा वास यायचा.

मागे मात्र... मागे घेताना ती कधी अडली नाही.

एकदा बाबुरावने रात्रभर गाडीखाली पुठ्ठे पसरून ठेवले. सकाळी बघतो तर पुढचा, गियरबॉक्सखालचा पुठ्ठा कोरडा. आणि मागच्या बंपरखालचा... लालभडक, भिजून चिप्प.

"मागे तर तेलाचो पायपच नाय," बाबुराव म्हणाला. त्या दिवशी तो हसला नाही.

मग आवाज सुरू झाले.

ताई अंगणातून गाडी मागे घेत होती. डिकीवर कोणीतरी थाप मारली. थप... थप... गाडी मागे घेताना उभा राहिलेला माणूस मारतो ना, तशी. आणि 'येऊ दे' म्हणणारा बायकी आवाज...

"येंव दी... येंव दी..."

ताईला वाटलं, शेजारची शेवंती असेल. ती मागे घेत राहिली. गाडी तुळशीवृंदावनाला धडकली तेव्हा ती उतरली.

मागे कोणीच नव्हतं. शेवंती माहेरी गेली होती.

ताईने मला डिचोलीला फोन केला. मी तिकडे खाणीवर कामाला होतो. "मधू, तू ये. ही गाडी मला घरात नको. ह्यांना सांग." मी रविवारी पोचलो. भावोजी म्हणाले, "शेवटचं एकदा बाबुरावला बघू दे. नाहीतर उद्या विकून टाकतो."

जेवणं झाली. अंगण उताराचं. गाडीचं तोंड खाली रस्त्याकडे, पाठ वर घराकडे. मागे चिऱ्यांची उंच भिंत. बाबुरावने पुढचं चाक जॅकवर घेतलं, मागच्या चाकांच्या पुढे, उताराच्या बाजूला चिरे लावले आणि बाजूने खाली सरकला. इंजिन बंद. किल्ली माझ्या मुठीत होती. तिचा दात माझ्या तळहाताला टोचत होता, हे मला आजही आठवतं.

अंगणातली कोंबडी एकदम गप्प झाली.

मग गाडीच्या आत... टक्.

मी काचेतून बघितलं. गियरचा दांडा हलला होता. कोणी हात लावला नव्हता. तो 'आर'वर, रिव्हर्सवर उभा होता.

"बाबुराव, बाहेर ये!"

जॅक उडाला. गाडी धाडकन खाली आली आणि मागे सरकली. बंद इंजिनाची गाडी... चढावर! पुढचं चाक बाबुरावच्या मांडीवरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओलं लाकूड मोडावं तसा.

"आये गे!"

मी त्याला काखेत धरून ओढलं. त्याच्यामागे लाल पट्टा उमटत गेला. तेल कुठलं आणि रक्त कुठलं, कळत नव्हतं.

भावोजी चिरा घेऊन गाडीच्या मागे धावले. चाकाला लावायला.

"अहो, मागे जाऊ नका!" ताई ओरडली.

ते वाकले.

थप... थप...

गाडीने त्यांना उचलून भिंतीवर दाबलं. त्यांच्या तोंडून शब्द आला नाही, नुसती हवा बाहेर पडली. मी अंगणात पडलेली कुदळ घेऊन काच फोडली, आत हात घातला, दांडा धरून ओढला. दांडा हलेना. कोणीतरी पलीकडून धरून ठेवावा तसा. माझ्या बोटांवर... थंडगार, ओली बोटं होती.

गाडी पुढे सरली. भावोजी घसरून खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. उठायला हात वर केला.

गाडी पुन्हा मागे आली.

आणि पुन्हा.

चिरे ढासळले तेव्हाच ती थांबली. ताई गुडघ्यांवर रांगत त्यांच्यापर्यंत पोचली. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पण त्या डोक्याला आता आकार उरला नव्हता.

बाबुरावचा पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं मला विचारलं, "ती बायलमाणूस कोण होती?"

"कोण?"

"मागे उभी ऱ्हवान, थाप मारून गाडी घेय होती ती."

पोलिसांनी गाडी नेली. तपासणाऱ्या माणसाने गियरबॉक्स उघडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यात रिव्हर्सच्या पट्ट्या जळून राख झाल्यात. आजच्या नाहीत, जुन्या. ही गाडी मागे जाऊच शकत नाही."

तेराव्यानंतर मी वास्कोला गेलो. म्हाताऱ्याने दार अर्धंच उघडलं.

"तुमी पेडण्याच्यान आयल्यात न्ही?"

मी अजून काहीच बोललो नव्हतो. त्याने मान खाली घातली.

"कोण गेलो?"

माझं डोकं फिरलं. मी आत घुसून त्याचं बनियन गळ्याशी धरलं, त्याला भिंतीवर आपटलं, तोंडावर ठोसा मारला. "तुला माहीत होतं! कोण आहे ती? बोल!" त्याचा ओठ फाटला, रक्त बनियनवर गळलं. त्याने हात वर केला नाही. मी पुन्हा मारलं.

"आनीक मार," तो म्हणाला.

माझा हात तिथेच थांबला.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे, उघड्या दाराकडे होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुजेर गाडी हांवेंच घाली... आनीक मार गे..."

गे. बाईमाणसाला म्हणतात तसं.

मी मागे वळून बघितलं नाही. त्याला ढकललं आणि मान खाली घालून, डोळे पायांकडे ठेवून, बाहेर पळालो. दारातून जाताना माझ्या दंडाला कोणाचं तरी ओलं अंग घासलं...

त्यानंतर मी वास्कोत पाय ठेवलेला नाही.