काट्यावरचा चणा

एसटीत बोरीची फांदी घेऊन बसू नये असं कुठंही लिहिलेलं नाही. मी कंडक्टरला तेच सांगत होते. तो म्हणत होता, "ताई, लिहिलं नाही, कारण आजवर कोणी आणलीच नाही!"

श्रावणातला रविवार. दिग्रसहून यवतमाळला जाणारी गाडी, बाहेर भुरभुर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. मी खिडकीशी, मांडीवर ती काटेरी फांदी उभी धरून बसलेली. दारव्ह्याच्या अलीकडे गाडीने गचका दिला, अन् शेजारी उभा असलेला एक उंच पोट्टा बाहीसकट माझ्या फांदीत अडकला.

"हलू नका!" मी ओरडले.

"मी कुठं हलून राह्यलो? गाडी हलून राह्यली."

"ओढू नका, फाटेल."

"मंग काय, असंच यवतमाळले जायचं? वरातीसारखं?"

मी एकेक काटा सोडवायला लागले. त्याच्या हाताला औषधाचा वास येत होता. सोडवता सोडवता माझं बोट त्याच्या मनगटाला लागलं अन् मी उगाचच म्हटलं, "सॉरी हं." काटे सोडवण्यात सॉरी कसली, देव जाणे!

"डॉक्टर आहात?"

"गुरांचा. बाभुळगावले असतो. इकडे मित्राच्या साखरपुड्याले आलतो." मग फांदीकडे बोट करून, "अन् हे? बकरीले?"

"खेळाले."

"काट्यानं खेळता?"

"जादू करतो आम्ही," मी म्हटलं.

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं... नीट पाहिलं. मी लगेच खिडकीबाहेर बघायला लागले, जणू पऱ्हाटीचं शेत मी जन्मात कधी पाहिलंच नव्हतं.

आता खेळाचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. खेळाचं नाव सरकी, अन् तो मी स्वतः तयार केलाय. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. अडलं की फासे टाकायचे. मी सूत्रधार. म्हणजे बाकीचे एकेक माणूस होतात अन् मी उरलेलं सगळं जग होते. माझ्या स्वभावाला तेच बरं पडतं.

गोष्ट पुढच्या शतकातली. सरकार संपलंय, शाळा संपल्यात, अख्ख्या यवतमाळवर एकच जिनिंग मिल पसरलीय. लोक तिला नुसतं 'जिन' म्हणतात. कापसातून सरकी काढावी तशी ती माणसातून आवाज काढून घेते. रिकामी माणसं मग रात्री तुमच्या दारावर टकटक करतात. तुम्ही तोंडातून एक शब्द काढला की तुमचा आवाज त्यांचा. तुम्ही खलास.

तिच्याशी लढायला दोन विद्या. कापूसविद्या सोपी. कापसाचा पुंजका फुंकर मारून हवेत ठेवायचा, तो खाली पडायच्या आत मंत्र पुरा करायचा. त्याने जखमा भरतात, दिवे लागतात. दुसरी काटाविद्या. ती जिनच्या पोटातूनही माणूस परत आणते, पण हुकली तर पात्र जागच्या जागी मेलं. ही मला तीजेत सुचली. आमच्या दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावर श्रावणात तीज असते. पोरी टोपलीत गहू पेरतात, गाणी म्हणतात, अन् भिजवलेले चणे बोरीच्या काट्यांवर टोचतात. सोपं वाटतं ना? पण टोचताना भाऊ लोक ती फांदी गदागदा हलवत असतात! माझ्या खेळात फांदी हलवायचं काम सूत्रधाराचं, अन् मी आजवर कोणाची गय केलेली नाही.

नियम दोनच. एक, तीन पात्रं मेली की खेळाडू बाद, कायमचा. खोली लहान, वाट पाहणारे जास्त. दुसरा, टेबलावर लफडं नाही. हा नियम भारत नावाच्या एका जुन्या खेळाडूच्या कृपेने. त्याने आधीच्या खेळात एका खेळाडू पोरीशी जमवलं, मग दोघं भांडली, मग अर्धं टेबल तिच्या बाजूचं, अर्धं ह्याच्या. चांगली रंगलेली गोष्ट चुलीत गेली. तेव्हा मी सगळ्यांसमोर बजावलं होतं, टेबलावरच्या कोणीच कोणाशी जमवायचं नाही. सूत्रधारानेसुद्धा.

तर हा एसटीतला रजत. फांदी उचलून देतो म्हणून स्टँडवर उतरला, अन् "पाच मिनिटं पाहून जातो" म्हणत थेट आमच्या खोलीत आला. गोपालच्या मामाचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. चारी बाजूंना गंजके कूलर, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. खुशी, गोपाल अन् धम्मरत्न आधीच येऊन बसलेले. एक खुर्ची रिकामी होती, म्हणून त्यालाही एक पात्र दिलं. मी दिवा बारीक केला, आवाज खाली आणला, अन् म्हटलं, "बाहेर कोणीतरी आलंय. टक... टक... टक..."

सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले.

"कोण हाय?" रजत म्हणाला.

मेला! खेळात बसून चहाही निवला नव्हता.

"अरे, पण आमच्या घरी दार वाजलं तं विचारतात ना बावा!" तो म्हणाला, अन् धम्मरत्न हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसले असते. पण खुशी माझ्याकडेच बघत होती, म्हणून कडक चेहऱ्याने म्हटलं, "पहिलं पात्र गेलं. दोन उरली."

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही. त्याचं दुसरं पात्र पळता पळता एका जखमी बैलासाठी थांबलं. पाठीमागून ती रिकामी माणसं येताहेत, अन् हा म्हणतो, "आधी त्याच्या खुराले पट्टी." खरं सांगू? मी त्याला वाचवू शकत होते. दुसऱ्या कोणाला वाचवलंही असतं. पण माझा जीवच असा थुईथुई नाचायला लागला होता की वाटलं, आता जरा जरी सूट दिली तर सगळ्यांना कळेल. म्हणून मारला. निर्दयपणे मारला! अन् घरी जाऊन जेवले नाही, तेव्हा याडीने विचारलं की कोण गेलं म्हणून. आईला काय सांगणार?

मला तो आवडत होता. लय आवडत होता. कशाला लपवू?

तिसरं अन् शेवटचं पात्र त्याने आणलं ते शंकऱ्या. म्हशी चारणारा, जन्माचा मुका. आवाजच नाही, तर जिन घेणार काय! टेबलावर सगळे वेडे झाले त्या शंकऱ्यासाठी. रजत त्याच्यासाठी बोलायचाच नाही, नुसते हातवारे, भुवया, अन् एक तिरकं हसू. त्या हातवाऱ्यांकडे बघता बघता मी माझं जग विसरायचे अन् गोपाल म्हणायचा, "सूत्रधार, पुढं काय झालं ते सांगता का, का आम्हीच ठरवू?"

खेळ संपला की आम्ही दोघं स्टँडवर यायचो. आलुबोंडा, चहा. त्याची बाभुळगावची गाडी समोरून निघून जायची.

"गेली ना तुझी गाडी!"

"जाऊ दे नं. दुसरी येते."

"अन् ती गेली तं?"

"मंग दिग्रसची पाहू," तो म्हणायचा, अन् मी चहात बघायचे.

एकदा पाहिलं, त्याच्या बोटांना बारीक बारीक टोचे.

"काय झालं रे हे?"

"मांजरीनं."

"मांजर काट्याची हाय का?"

"बोरीची," तो म्हणाला अन् हात खिशात घातला. घरामागच्या बोरीवर चणे टोचायची तालीम करून राहिला होता हा माणूस! मी उगाचच दुसरा आलुबोंडा मागवला.

त्याच दिवशी त्याने विचारलं, "वर्षा, एक बोलू?"

"खेळातलं?"

"नाही..."

"मग नको."

त्याने उरलेला चहा पिऊन टाकला. नियम माझा होता ना, माझ्याच तोंडाचा. तो मोडायचा म्हणजे टेबलावर माझी काय पत राहील? अन् शंकऱ्या मेला तर रजत कायमचा बाद, म्हणजे रविवारही गेले. ना इकडे जाता येत होतं, ना तिकडे.

असं करता करता परतीचा पाऊस आला. त्या रविवारी आमची गोष्ट जिनच्या पोटात पोचली. बाकीचे निसटले, पण त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिलेला शंकऱ्या आतच राहिला. आता फक्त काटाविद्या. तीन चणे, तीन काटे.

मी फांदी मुठीत धरली.

पहिला चणा. मी फांदी गदागदा हलवली, आमच्या तांड्यावरचे भाऊ लोकही लाजले असते. रजतने टोचला. गोपालने टेबलावर थाप मारली. दुसरा. मी आणखी जोरात हलवली. त्याच्या बोटावर रक्ताचा थेंब आला, पण चणा काट्यावर बसला.

तिसरा चणा त्याने उचलला... अन् मला पुढचा रविवार दिसला. समोरची ती खुर्ची, रिकामी. स्टँडवरचा चहा, एकटीचा.

माझा हात थांबला. थांबला कसला, मी थांबवला. खांदे हलवले, मनगट फिरवायचं सोंग केलं, तोंडाने "हूं... हूं..." केलं, पण फांदीचं टोक जागच्या जागी. दिवा बारीक होता, कोणाच्या लक्षात आलं नाही.

रजतने फांदीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा फांदीकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की मला वाटलं, जिंकलाच हा.

अन् त्याच्या बोटांतून चणा सुटला. टेबलावर टप्प, तिथून खाली, कूलरच्या मागे कुठेतरी.

"अबे डॉक्टर!" गोपाल किंचाळला. खुशीने तोंड झाकून घेतलं.

"शंकऱ्या..." मी म्हटलं. "शंकऱ्या गेला."

"चला मंडळी," रजत उठला. "बाद झालो. नियम तं नियम." त्याने छत्री घेतली, सगळ्यांना हात जोडले, अन् जिना उतरला. शीळ घालत!

मी ऐकत राहिले. ज्याचा लाडका शंकऱ्या मेला, जो कायमचा बाद झाला, तो शीळ घालतो? अन् माझी ट्यूब पेटली. म्हैस लाथा झाडत असताना जो अचूक सुई टोचतो, त्याच्या हातून स्थिर फांदीवर चणा निसटतो? माझं डोकंच फिरलं. मी इथं त्याच्यासाठी माझं इमान विकलं, अन् ह्याला जायचीच घाई! मी फांदी टाकली अन् जिन्यावरून धडधडत खाली गेले. तो दुकानासमोरच्या पत्र्याखाली छत्री उघडत होता.

"थांब! तू मुद्दाम पाडला."

"चणा? छे! निसटला."

"खोटं नको बोलू! तुह्या हातून निसटत नसते काही."

"अवं, फांदी किती हलून राह्यलती..."

"कुठं हलून राह्यलती? मी हलवतच नव्हती!"

बोलून गेले. बोलून गेल्यावर कळलं, मी काय बोलून गेले.

"माह्यित हाय," रजत हळूच म्हणाला. "म्हणूनच तं पाडला."

"म्हणूनच म्हणजे?" मी विचारलं.

"मले वाटे, हे पोरगी मले दर वेळी एवढ्या आनंदानं मारते, हिले मी आवडत नसन. मंग निदान खुर्ची तरी राहावी म्हणून बोटं टोचून घेऊन राह्यलतो. आज पाह्यलं तं फांदी उभी! तू... नियमाची एवढी पक्की... माह्यासाठी लबाडी करून राह्यली. मंग त्या खुर्चीचं काय करू मी? तिच्यावर बसून तं मले तोंड उघडता येत नाही. आता मी बाद. आता टेबलाचा नियम मले लागत नाही." त्याने श्वास घेतला. "मले तू आवडते, वर्षा. त्या एसटीपासून. बाही सोडवूच नये वाटत होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अन् राग काही गेला नव्हता. "एवढा गुणी शंकऱ्या मारला! मी किती जीव लावला होता..."

"शंकऱ्याले?"

"शंकऱ्याले... अन् तुले. तुलेच. शंकऱ्याले कायले लावू?"

तो हसला. मी त्याचा तो टोचलेला हात धरला, अन् कोणी पाहतंय का ते पाहिलंसुद्धा नाही. ओला होता, औषधाचा वास होता, अन् या वेळी सोडवायला एकही काटा नव्हता.

"पुढच्या रविवारी तांड्यावर येऊ का?" त्याने विचारलं. "तुह्या याडीले भेटाले. बोलतीन ना त्या माह्याशी?"

"याडी आधी तुले आमची म्हैस दाखवीन. लंगडून राह्यली ती. मग बोलण्याचं पाहू."

वरची खिडकी धाडकन उघडली. खुशीने डोकं बाहेर काढलं, मागे गोपाल, त्याच्या मागे धम्मरत्न. "वर्षे! मेलेल्या माणसाशी एवढं काय बोलून राह्यली वं?"

"लग्नाचं!" मी वर बघून ओरडले.

रजतच्या हातातली छत्री खाली पडली. ही मात्र मुद्दाम नाही.