गस्तीच्या वाट्या

आईने मला काढेवाल्या बू लास्त्रीकडे हळदीचा जामू, म्हणजे काढा, आणायला पिटाळलं. भर दुपार, गल्लीत टेंपेच्या सोयाबीन वड्या तळल्याचा वास. बू लास्त्री उंबऱ्यावर बसलेली, काढ्याच्या बाटल्या जमिनीवर. ज्या मोटरसायकलवर ती काढा विकत फिरते, ती रात्रीतून चोरीला गेली होती.

आमच्या सोलो शहरातल्या गल्लीत पूर्वी रोज गस्त असायची. प्रत्येक दाराला एक वाटी टांगलेली. गस्तवाले फिरता फिरता तिच्यातले चमचाभर तांदूळ गोळा करायचे. वाटी रिकामी म्हणजे गस्त येऊन गेली. मग गल्लीप्रमुख पाक विर्योनोंनी कॅमेरे बसवले आणि म्हणाले, यंत्र झोपत नाही, आता आपण झोपू. म्हातारे खूश. त्यांना आयुष्यभर दुसरं काय हवं होतं? गस्तीवरचे साधिकुन आजोबा त्याच सुमारास वारले. चोऱ्या वाढल्या, पडद्यावर नुसती हेल्मेटं दिसायची. बायका मात्र सवयीने वाट्यांत तांदूळ टाकत राहिल्या. सकाळी वाट्या रिकाम्या. चिमण्या, म्हणे.

पडद्यासमोर बसायचं काम माझं. म्हणून संशयही माझ्यावर.

"कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हे ह्या कॉलेज सोडलेल्या दिवट्यालाच ठाऊक," विर्योनो सगळ्यांदेखत म्हणाले. संध्याकाळच्या नमाजानंतर पोलीस बोलावणार होते. आईने माझ्याकडे पाठ फिरवली. तेच लागलं.

मी म्हटलं, आधी रात्रीचं चित्रण बघू. सगळे पडद्याच्या खोलीत माझ्या मागे येऊन उभे राहिले.

रिकामी गल्ली. मग आमच्या दाराची वाटी हळूच कलंडली. सरळ झाली. मग शेजारची... मग पुढची... एखादा म्हातारा चालेल त्या चालीने. माणूस नव्हता. बंद खोलीत लवंगी सिगारेटचा वास पसरला. साधिकुन आजोबा ओढायचे तसल्या. बू लास्त्रीने माझा दंड घट्ट धरला.

वळणापाशी वाट्या थांबल्या. आणि चित्र सरकू लागलं. कॅमेरा वळत होता.

"तो... स्क्रूने आवळलाय," विर्योनो पुटपुटले. "वळत नाही तो..."

वळला होता. आजवर कधीच न दिसलेल्या कोपऱ्यात एक पोरगा हेल्मेट काढून घाम पुसत होता. हाताशी बू लास्त्रीची मोटरसायकल. मागे विर्योनोंचं उघडं फाटक. पोरगा त्यांचाच पुतण्या.

"पाक विर्योनो," मी म्हटलं, "पोलिसांना तुम्ही बोलावता, की मी बोलावू?"

मोटरसायकल त्याच संध्याकाळी परत आली. त्या कोपऱ्यावर आम्ही पोरांनी आणखी एक कॅमेरा लावून घेतला, आणि गस्तही सुरू केली. कॅमेऱ्याला डोळे असतात, पाय नसतात. धावायला आम्हीच लागतो. त्यानंतर आजतागायत चोरी नाही. आई आता सगळ्यांना सांगते, माझा पोरगा गस्तीवर असतो.

एवढंच सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री आम्ही चौघं हसतखिदळत फिरलो, एकेक वाटी मी माझ्या हाताने रिकामी केली. दुसऱ्या दिवशी चित्रण लावलं. वाट्या एकामागून एक कलंडत होत्या... आम्ही त्यात कुठेच नव्हतो.