पाठमोरा वाचक

"चोरी मी केली नाही, पण किल्ली माझ्याकडंच हाय," राधा काळभोर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

खासगी तपासनीस विजयमाला ऊर्फ विजयाबाई पानसे यांनी चष्मा वर केला. त्यांच्याकडे येणारी माणसं आधी हवापाण्याचं बोलत, मग रडत, आणि मुद्द्यावर येईपर्यंत जेवणवेळ होई. ही बाई थेट बोलली म्हणून त्या खूश झाल्या. कोपऱ्यात अभय लोखंडे बसला होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरात भिंतींशी बोलायची वेळ आली, तेव्हा तो त्यांचा मदतनीस झाला. मदत यथातथाच होती, पण निदान माणसांत राहता येई.

राधा सदाशिव पेठेतल्या 'अक्षरसभा' वाचनालयाची ग्रंथपाल. ज्येष्ठ ग्राफिक डिझायनर कल्याणी रणपिसे यांनी आपली मुखपृष्ठांची सगळी मूळ चित्रं वाचनालयाला देऊ केली होती आणि आज संध्याकाळी त्यांचं प्रदर्शन उघडणार होतं. सकाळी राधा वर गेली तर मधल्या चौकटीतलं चित्र गायब. चौकट जागेवर, काच जागेवर, आत नुसता कोरा पुठ्ठा.

"कुठलं चित्र?"

"बाईंचं पहिलं मुखपृष्ठ. खिडकीशी वाचत बसलेला पाठमोरा माणूस. निमंत्रणावरबी तेच छापलंय. अध्यक्ष म्हणाले, उद्घाटनाआधी चित्र आणा, न्हाईतर राजीनामा आणा." तिने किल्ली टेबलावर ठेवली. "राजीनाम्याचं बाईंना सांगू नका. त्यांचा आजचा दिवस हाय."

वाचनालयाच्या वरच्या दालनात कल्याणीबाई चित्रांखालच्या चिठ्ठ्या सरळ करत होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, खांद्याला चित्रं ठेवायची लांब नळी. अभय भिंतीवरून नजर फिरवत निघाला. जाड पुठ्ठ्यांवर रंगवलेली चित्रं आणि प्रत्येकाखाली छापील पुस्तक.

"अहो, एकाही चित्रावर पुस्तकाचं नाव नाही!"

"नसणारच," कल्याणीबाई मागे न बघता म्हणाल्या. "अक्षरं वेगळ्या कागदावर काढायची. चित्र आणि अक्षरं छापखान्यात एकत्र यायची. तेव्हा संगणक नव्हते."

"या वाचनालयाशी तुमचं जुनं नातं दिसतं," विजयाबाई म्हणाल्या.

"आमचं घर एका खोलीचं. अभ्यासाला मी इथे यायचे. इथली पुस्तकं बघून मुखपृष्ठांचं वेड लागलं. पुढे इथल्या पाट्या केल्या, सभासदांची कार्डं केली. आयुष्य इथेच गेलं म्हणा ना."

"काल शेवटी इथे कोण होतं?"

"मी, राधा आणि सार्थक. सार्थक चहाला गेला, राधा खाली खिडक्या लावायला. मी भिंत बघत बसले."

"म्हणजे तुम्ही एकट्या होतात."

"मी एकटीच असते."

"पहिलं चित्र गेलं. वाईट वाटत असेल."

"एकच तर गेलंय. जाऊ द्या." एवढं बोलून त्यांनी केसभर वाकडी झालेली चिठ्ठी उपटली आणि नव्याने चिकटवली.

सार्थक जिन्यात भेटला. प्रदर्शनाची मांडणी या तरुण डिझायनरची.

"सगळ्या फ्रेम्स मीच केल्या. मॅमनी घरून सीलबंद पॅकेट्स पाठवली होती. तो मेन पीस तर एकदम क्लीन! ब्रशचा एक स्ट्रोक दिसत नव्हता. आणि वर पिवळ्या अक्षरांत टायटल, काय लेटरिंग होतं! शेवटी घाईघाईत तोच लावला आणि चहाला पळालो."

"परत आलात तेव्हा?"

"मॅम दिवे बंद करून निघत होत्या. खांद्याला ती नळी, बस."

रस्त्यावर येताच अभयने निकाल दिला. "हाच चोर. बाई सुटल्या, कारण पुठ्ठ्यावरचं चित्र गुंडाळून नळीत घालता येत नाही."

"अभयराव, तुमचा अर्धा तर्क सोळा आणे खरा आहे. दुर्दैवाने निष्कर्ष दुसऱ्या अर्ध्यावर काढलात."

दुपारी त्या दोघांनी कल्याणीबाईंच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं.

"प्रदर्शन संध्याकाळी आहे."

"आणि राधाबाईंचा राजीनामा त्याच्या आधी," विजयाबाई म्हणाल्या.

कल्याणीबाईंचा चेहरा उतरला. "राजीनामा? कशाबद्दल?"

"किल्ली तिच्याकडे होती म्हणून." विजयाबाईंनी आवाज खाली आणला. "मूळ चित्रांवर अक्षरं नसतात, हे तुम्हीच सांगितलंत. सार्थकने मात्र चौकटीत पिवळी अक्षरं पाहिली. कुंचल्याची खूण त्याला दिसली नाही. म्हणजे त्याने लावलं ते चित्र नव्हतं, छापील पोस्टर होतं. पाकीट तुम्ही बंद केलेलं. मूळ चित्र तुमच्या घरातून निघालंच नाही."

"मग ते पोस्टर कुठे गेलं?" अभयने विचारलं.

"काल तुम्ही भिंत पाहिलीत. सगळ्या चित्रांत ते एकच अक्षरांसकट उठून दिसत होतं. आज कुणीही ओळखलं असतं. कागद गुंडाळता येतो, म्हणून तो नळीतून घरी आला. सार्थकने पोस्टर चोरलं असतं, तर त्यावरच्या अक्षरांचं कौतुक करून ते पोस्टर होतं हे आपणच उघड केलं नसतं. राधाने चोरलं नसतंच; किल्ली तिच्याकडे, संशय पहिला आपल्यावरच येणार हे तिला ठाऊक होतं. आणि केसभर वाकडी चिठ्ठीही खपवून न घेणारी बाई पहिलं चित्र गेल्यावर 'जाऊ द्या' म्हणते, तेव्हा ते चित्र कुठेही गेलेलं नसतं."

कल्याणीबाई दारातून बाजूला झाल्या.

आत जेवणाचं छोटं टेबल होतं. पलीकडच्या खुर्चीमागे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, चित्र टांगलेलं होतं. खिडकीतला उजेड, वाकलेली मान, पुस्तकावर टेकलेला हात.

"शब्द दिला होता सगळी चित्रं देण्याचा," त्या म्हणाल्या. "पाकिटात घालताना हात धजेना. समितीला काय सांगणार होते? या वयात एका चित्राशिवाय घास उतरत नाही, म्हणून?"

"कोण हे?" अभयने विचारलं.

"वाचनालयात खिडकीशी बसायचा. मी मागच्या बाकावर. दोन वर्षं त्याची पाठ पाहिली. मग तो यायचा थांबला." त्या क्षीण हसल्या. "नाव विचारायचं राहून गेलं. समोर 'शांतता राखा' अशी पाटी होती. मीच रंगवलेली."

आपल्या घरातली जेवताना समोर येणारी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून अभयने माळ्यावर टाकली होती, आणि तरी जेवताना नजर तिथेच जाई.

कल्याणीबाईंनी अध्यक्षांना फोन लावला. "चित्र माझ्याकडेच आहे, पोस्टरही मीच काढलं. राधाची माफी आधी तुम्ही मागा, मग मी मागते." मग त्यांनी चित्र उतरवलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि अभयच्या हातात दिलं. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

"आता जेवूनच जा," त्या अचानक म्हणाल्या. "पिठलं आहे."

त्या भांड्यांच्या मांडणीकडे वळल्या, ताट काढलं आणि तशाच उभ्या राहिल्या. दुसरं ताट घरात नव्हतं.

"मला डब्याचं झाकण चालेल," विजयाबाई म्हणाल्या आणि पलीकडची खुर्ची ओढून बसल्या.