सात नंबरची लाइन

बन्सीधरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो मला दिसलाच नाही. नव्या इंटरकॉमच्या बोर्डासमोर मी जांभया देत बसले होते. सहज रिसीव्हर कानाला लावला, तर अगदी जवळून एक आवाज म्हणाला, "अबोली डाव्या बाजूला माळायलाव का रोज?"

मी दचकून मागं पाहिलं. खोलीत कोणीच नव्हतं.

"घाबरू नका बाई. मी वर हाय, समोरच्या पत्र्यावर. खिडकीतून दिसलं. वायरमन हाय मी, बन्सीधर... वालूरचा."

"वायरमननं वायरी बघाव्यात," मी म्हणाले आणि खाडकन रिसीव्हर ठेवला. नंतर मात्र गजऱ्याला दोनदा हात लावून पाहिला.

सेलूच्या बाहेर, वालूर रस्त्यावरच्या जिनिंग सोसायटीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. पौषाचे दिवस होते. सकाळी धुकं असायचं आणि धुकं उठलं की कापसाचे तंतू हवेत तरंगायचे. सगळं अंगण पांढरट, मऊ आणि विचित्र शांत. चार पावलांवरचा माणूस हाक मारायचा आणि वाटायचं, फार लांबून कोणीतरी बोलवतंय.

पूर्वी सगळ्या ऑफिसात एकच तार फिरवलेली होती. कुणीही फोन उचलला की सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं. चेअरमन आबासाहेब मुंबईच्या व्यापाऱ्याशी भावाचं बोलले, की वजनकाट्यावरचे गाडीवाले आधी शहाणे व्हायचे. म्हणून हा नवा बोर्ड आला. जाड केबल एकच, पण तिच्या पोटात प्रत्येक खोलीसाठी तारांची वेगळी जोडी. एकीतलं बोलणं दुसरीत जाता कामा नये, हे बन्सीधरचं काम. आणि लाइन नीट चालते का, ते बघायला बोलावं तर लागतंच.

"हॅलो, गोदामातून बोलतोय. ऐकू यायलंय का?"

"यायलंय."

"कसं यायलंय?"

"गोड यायलंय म्हणू का?"

"म्हना की... लाइन तपासायचीय. खोटं बोलू नका."

असा हा तारेवर वस्ताद माणूस. समोर आला की मात्र त्याची वाचा बसायची. चहा पुढे केला तरी नजर स्वतःच्या चपलांवर. मला त्याचा राग यायचा आणि त्या रागातच मी त्याच्या प्रेमात पडत गेले. त्याचे केस कापसानं पांढरे झालेले दिसले, की वाटायचं, उठावं आणि झटकून द्यावेत. पण तो मराठ्याचा, आम्ही बौद्ध. नामांतराच्या वादानं गावागावात माणसं एकमेकांकडे तिरपं बघत होती. माझे दादा शाळामास्तर. त्यांनी हिंगोलीच्या बँकेतलं एक स्थळ पाहून ठेवलं होतं आणि माझ्या उत्तरासाठी ते थांबले होते.

सात नंबरची लाइन होती मागच्या, कापसाची प्रत ठरवायच्या ग्रेडिंगच्या खोलीची. तिला कुलूप असायचं, किल्ली कामापुरती बन्सीधरकडे. मागच्या हंगामात कापसाच्या गंजीला आग लागली, तेव्हा ग्रेडर भगवानराव तिथंच होते. त्यांनी म्हणे जीव जाईपर्यंत फोन कानाला लावून ठेवला होता. तार एकच, आणि तिच्यावर इकडं कोणाच्या तरी लग्नाच्या गप्पा चाललेल्या. त्या गलक्यात त्यांचं कुणाला ऐकूच गेलं नाही. त्या खोलीजवळून जाताना बायका अजून पदर सावरून पुढं सटकतात.

एका दुपारी बोर्डावरचा सात नंबरचा दिवा लागला. पलीकडून फोन उचलला की दिवा लागतो. मी बटण दाबलं.

"बोला."

उत्तर नाही. नुसती सळसळ... कुणीतरी बोटांनी कापूस पिंजत बसावं तशी. आणि मग एक लांब श्वास.

"आज काय मौन हाय का वायरमनचं?" मी हसत म्हणाले. दिवा विझला.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. "सातवरून फोन करता आणि बोलत का न्हाई?"

त्याने चपलांकडे पाहिलं, तो कानापर्यंत लाल झाला. मी काय समजायचं ते समजले. पुढं रोजच तो दिवा लागायला लागला. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायची आणि पलीकडून श्वास ऐकू यायचा. अंगावर काटा यायचा, पण प्रेमात काटा येतोच, असं मी स्वतःला समजावलं. शहाणपण माझ्याकडे तेवढंच होतं.

मग त्याचं काम संपत आलं. दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या दुसऱ्या कामावर औरंगाबादला निघणार होता आणि दादा हिंगोलीला होकार कळवणार होते. बोलायचं ते आजच. दिवस कलला होता. वीज गेली, जिनाची घरघर एकदम थांबली आणि त्या शांततेत खिडकीबाहेर तंतू सावकाश खाली उतरू लागले. बोर्ड बॅटरीवर होता. सातचा दिवा लागला.

"बोल," आवाज म्हणाला.

पहिल्यांदाच तो बोलला होता. आवाज बसलेला, खरखरीत. आणि तो मला 'तू' म्हणाला होता.

"आधी तुमी बोला."

"मी... उशीर केला. तू बोल. लाइन सोडू नको."

मी डोळे मिटले. "मला तुमीच पायजेत, बन्सीधर. जात मला ठाऊक हाय, तुमचं घर ठाऊक हाय, लोक काय करतील तेबी ठाऊक हाय. उद्या दादा हिंगोलीला होकार धाडणार. आज तुमी समोर येऊन बोलला न्हाई... तर मी पुन्हा विचारणार न्हाई."

सळसळ थांबली. रिसीव्हरमधून, खरं सांगते, जळक्या कापसाचा वास आला.

"येईल तो," आवाज म्हणाला.

तो? "तुमी... कोन बोलताय?"

दिवा विझला. बाहेर धावणारी पावलं वाजली आणि दारात बन्सीधर उभा राहिला. त्याला धाप लागली होती. त्याच्या मागं काट्यावरचा म्हातारा सटवाजी होता, त्याच्या मागं गाडीवाले.

"कोनाशी बोलत होता तुमी?" बन्सीधरने विचारलं.

"तुमच्याशीच... सातवरून."

"सातला फोन न्हाई अजून. खोलीत नुसती वायर लोंबकळतेय. मी काट्यावर होतो." त्याने घाम पुसला. "माझी चूक झाली. त्या खोलीतल्या जुन्या तारा धुरानं काळ्या पडल्यात, रंग कळंना. आज सातची एक तार काट्याच्या जोडीत गेली. तुमी जे बोललाव... ते समदं काट्यावरच्या फोनच्या भोंग्यातून साऱ्यांना ऐकू आलं."

सगळं! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तरी मी विचारलं, "आणि दुसरा आवाज? तोबी तिकडूनच आला असंल ना?"

सटवाजीने डोक्यावरची टोपी काढली.

"काट्यावर कुनीच बोललं न्हाई, पोरी," तो हळू म्हणाला. "दोन्ही आवाज आमी ऐकले. त्या मानसाजवळ मी लय वरसं काम केलंय. भगवानरावच होते."

कुणी हाललं नाही. तंतू माणसांच्या खांद्यांवर, मिशांवर बसत होते आणि कुणी झटकत नव्हतं. बन्सीधरचा चुलतभाऊ भुजंग, वालूरहून कापूस घेऊन आलेला, पुढं झाला. त्याने बन्सीधरचा दंड धरला.

"चल हितून. भुताखेताचं अन् ह्या पोरीचं मनावर घेऊ नको. घरी कळलं तर काय सांगू मी?"

बन्सीधरने दंड सोडवून घेतला. त्याने चपलांकडे पाहिलं... आणि मग मान वर केली. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच असे समोरून पाहत होते. पिंगट होते, आणि फार घाबरलेले.

"हेच सांग घरी," तो भुजंगला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मला... तारेवर बोलायला येतं. समोर न्हाई येत. पण बाई, मी औरंगाबादला जायच्या आधी... आज, आत्ता तुमच्या दादाकडं येतो. मारलं तर मार खातो. मला तुमीच पायजेत. फक्त तुमी हो म्हना."

भुजंग थुंकला आणि गाडीकडे निघून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले. सटवाजी तिथंच उभा राहिला, टोपी हातात धरून. मला भीती वाटत होती. मागच्या खोलीची वाटत होती, त्याहून जास्त त्या जाणाऱ्या पाठींची.

मी खुर्चीवरून उठले, बाहेर अंगणात आले आणि हो म्हणाले. गाडीपर्यंत ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.